अकॉस्टिक कॅमेऱ्यात गळती दिसते म्हणजे नेमकं काय दिसतं?

कारखान्यात पाण्याचा पाइप गळला तर फरशी ओली होते. तेल गळलं तर डाग पडतो, वाफ सुटली तर पांढरा लोट दिसतो. कॉम्प्रेस्ड एअर, म्हणजे मशीन चालवायला दाबून पाइपात भरलेली हवा, गळते तेव्हा यातलं काहीच होत नाही. वास नाही, डाग नाही, कुणी घसरून पडत नाही, आणि मशीनही चालूच राहतं. म्हणून हवा वर्षानुवर्षं गळते आणि तिचे पैसे गुपचूप वीजबिलातून जातात.

किती जातात? 3 मिलिमीटर व्यासाचं एक भोक धरा आणि लाइनला 7 बार प्रेशर. भोकाच्या कडा कशा आहेत त्यानुसार मिनिटाला साधारण 15 ते 20 घनफूट, म्हणजे शॉपफ्लोअरच्या भाषेत 15 ते 20 सीएफएम हवा निघून जाते. 100 सीएफएम हवा 7 बारपर्यंत दाबायला स्क्रू कॉम्प्रेसरला सुमारे 18 किलोवॉट लागतात. म्हणजे हे एक भोक 3 किलोवॉटच्या आसपास खातं. तीन शिफ्टमध्ये चालणारा कारखाना वर्षाला 8,000 तास धरला तर 24,000 युनिट झाले. युनिटला 8 रुपये लावा: 1 लाख 92 हजार. एका भोकाचे.

भोक म्हटलं तरी ते कुणी ड्रिल मारून पाडलेलं नसतं. पीयू ट्यूब (प्लॅस्टिकची लवचिक नळी) तिरकी कापून पुश फिटिंगमध्ये घुसवलेली असते. क्विक कपलरची ओ-रिंग (रबरी कडं) झिजलेली असते. हवा गाळणाऱ्या एफआरएल संचाचा बाउल घाईत आवळल्यामुळे त्याची सील चेपलेली असते. रिसीव्हरखालच्या (हवा साठवायच्या टाकीखालच्या), साचलेलं पाणी सोडणाऱ्या ऑटो ड्रेन वाल्वमध्ये कचरा अडकून तो अर्धवट उघडा राहिलेला असतो. चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, हवेवर चालणाऱ्या शॉपमध्ये अशी ठिकाणं सहज पन्नास-शंभर निघतात. इचलकरंजीतल्या एअरजेट लूमच्या शेडमध्ये तर धागा ओढण्याचं कामच हवा करते, तिथे कॉम्प्रेसर हा गिरणीतला विजेचा सर्वांत मोठा ग्राहक असू शकतो.

शोधायची जुनी पद्धत म्हणजे साबणाचं पाणी. ती आजही उत्तम आहे, पण तिच्यासाठी आधी सांध्यापर्यंत हात पोचावा लागतो. हेडर (हवेचा मुख्य पाइप) छताला, शिडी दुसऱ्या शेडमध्ये आणि खाली कन्व्हेयर चालू, अशा वेळी साबणाचा डबा फिटरच्या हातातच राहतो. अकॉस्टिक कॅमेरा नेमका इथे उपयोगी पडतो. लांबूनच धरायचा, स्क्रीनवर नेहमीचं चित्र दिसतं आणि गळतीच्या जागी लाल-पिवळा ठिपका उमटतो. बघणाऱ्याला वाटतं, गळती दिसली. खरं तर गळती दिसलेली नसते, आवाज कुठून येतोय ते दिसलेलं असतं. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळला त्यालाच हे यंत्र नीट वापरता येतं, म्हणून आधी आवाजाकडे वळू.

भोक शिट्टी का मारतं

पाइपच्या आतला आणि बाहेरचा दाब यांचं गुणोत्तर साधारण 1.9 च्या वर गेलं की भोकातून निघणाऱ्या हवेचा वेग आवाजाच्या वेगाला जाऊन भिडतो. 7 बारच्या लाइनमध्ये (हे 7 बार बाहेरच्या हवेच्या 1 बारच्या वरचे) हे गुणोत्तर 8 च्या घरात असतं, म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडलेली. हा झोत बाहेरच्या स्थिर हवेवर आदळतो, भोवरे उठतात, आणि भोवऱ्यांतून आवाज तयार होतो. ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी 1952 मध्ये जेट इंजिनच्या आवाजाचं गणित मांडताना दाखवलं की अशा झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग निम्मा केला की आवाज 256 पटींनी घटतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे गॅस सिलिंडरच्या वेळी लागेल.

आवाजाचा सूर भोकाच्या आकारावर ठरतो. ढोबळ गणित असं: झोताचा वेग भागिले भोकाचा व्यास, त्याचा पाचवा हिस्सा. 3 मिलिमीटरला हे 23 किलोहर्ट्झच्या आसपास येतं, 1 मिलिमीटरला 68. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झला थांबतो. म्हणजे लहान गळतीच्या आवाजाचा मोठा भाग आपल्याला ऐकूच येत नाही. कानावर पडणारी ‘फुस्स’ ही त्याची खालची किनार असते, आणि प्रेसच्या धडधडीत तीही बुडते.

यातच सोयही आहे. प्रेसचा ठोका, मोटरची घरघर, फोर्कलिफ्टचा हॉर्न हे सगळं मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीत असतं. कॅमेऱ्याने फक्त 30 ते 40 किलोहर्ट्झचा पट्टा ऐकायचा ठरवला की सगळा कल्लोळ गाळला जातो. शिवाय 40 किलोहर्ट्झचा आवाज हवेत मीटरला साधारण सव्वा डेसिबल या दराने शोषला जातो, त्यामुळे शेजारच्या बेमधली गळती आपल्या चित्रात फारशी लुडबुडत नाही. पण शेवटी ही दुधारी गोष्ट: लांबची लहान गळतीही तशीच विरून जाते.

चौसष्ट कान

आवाज ऐकून जागा काढायची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात, पश्चिम आघाडीवर, लॉरेन्स ब्रॅग या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे जर्मन तोफा कुठे लपल्यात हे शोधायचं काम आलं. त्याच वर्षी त्यांना वडिलांबरोबर नोबेल जाहीर झालं होतं, क्ष-किरण आणि स्फटिकांवरच्या कामासाठी. त्यांनी खंदकांमागे अंतराअंतरावर मायक्रोफोन मांडले. तोफेचा दणका प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत किती उशिरा पोचला ते फिल्मवर नोंदवायचं आणि त्या फरकांवरून नकाशावर तोफेची जागा काढायची. 1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन बिलिंग्स्ली यांनी हीच कल्पना कॉन्कॉर्डच्या ऑलिम्पस इंजिनासमोर उभी केली: मायक्रोफोनांची रांग लावायची आणि इंजिनाचा कुठला भाग किती बोंबलतोय ते काढायचं. तेव्हा त्यासाठी खोलीभर सामान लागायचं. आज ते हातात मावतं, कारण मोबाइल फोनसाठी सिलिकॉनचे तांदळाच्या दाण्याएवढे मायक्रोफोन कोट्यवधींनी बनू लागले आणि स्वस्त झाले. फ्लुकच्या एका हातात धरायच्या मॉडेलमध्ये असे 64 आहेत, फ्लिरच्या एका मॉडेलमध्ये 124.

आता गणित. दोन मायक्रोफोन एकमेकांपासून 10 सेंटिमीटरवर आहेत. गळती बरोबर समोर असेल तर आवाज दोघांकडे एकाच क्षणी पोचेल. गळती 30 अंश बाजूला असेल तर एकाकडे जायला आवाजाला 5 सेंटिमीटर जास्त चालावं लागेल. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, म्हणून उशीर होईल तो सुमारे 146 मायक्रोसेकंदांचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मानाने हा भरपूर मोठा काळ आहे.

कॅमेरा हा हिशेब उलटा करतो. चित्रातला एक बिंदू घेतो आणि विचारतो: आवाज इथून आला असता तर कुठल्या मायक्रोफोनला किती उशीर झाला असता? तेवढं प्रत्येकाचं रेकॉर्डिंग मागे-पुढे सरकवतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. अंदाज बरोबर असेल तर लाटा एकमेकींवर चपखल बसतात, दिंडीत सगळे टाळ एका ठेक्यात पडावेत तशा, आणि बेरीज घुमते. अंदाज चुकीचा असेल तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो आणि बेरीज विरून जाते. मग पुढचा बिंदू. असे हजारो बिंदू, सेकंदातून अनेकदा. जिथे बेरीज मोठी, तिथे लाल रंग. याला बीमफॉर्मिंग म्हणतात.

64 मायक्रोफोन घेतले की खऱ्या दिशेचा आवाज 64 पट होतो, पण प्रत्येकातली स्वतंत्र खरखर मात्र फक्त 8 पट वाढते, 64 चं वर्गमूळ. एकट्या मायक्रोफोनला न सापडणारी गळती या गटाला सापडते ती यामुळे. मोबदल्यात आकडेमोड प्रचंड: 40 किलोहर्ट्झ पकडायला सेकंदाला किमान 80,000 वेळा नमुना घ्यावा लागतो, तो 1 लाख धरला तर 64 मायक्रोफोनांचे सेकंदाला 64 लाख आकडे, आणि त्यांच्यावर वर सांगितलेली सगळी सरकवासरकवी.

समोरच्या तबकडीकडे पाहिलंत तर मायक्रोफोन सरळ ओळीत बसवलेले दिसत नाहीत, ते शंखासारख्या वळणावर विखुरलेले असतात. सजावट म्हणून नाही. ते समान अंतरावर ठेवले आणि ते अंतर लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त झालं, तर गणित फसतं आणि खऱ्या ठिपक्याशेजारी तितकाच ठळक खोटा ठिपका उमटतो. 40 किलोहर्ट्झची लाट जेमतेम साडेआठ मिलिमीटरची, तिच्या निम्म्या अंतरावर सगळी तबकडी भरायची तर हजाराच्या आसपास मायक्रोफोन लागतील. मांडणी अनियमित ठेवली की खोटे ठिपके एका जागी जमत नाहीत, पसरून फिके होतात. पूर्णपणे जात मात्र नाहीत.

ठिपका किती बारीक

जाहिरातीतला ठिपका नेहमी नेमक्या नटवर असतो. प्रत्यक्षात काय होतं ते तबकडीच्या व्यासावर, अंतरावर आणि फ्रिक्वेन्सीवर ठरतं. 15 सेंटिमीटरची तबकडी, 3 मीटर अंतर, 40 किलोहर्ट्झ: साधारण 20 सेंटिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गळत्या एकच दिसतील. 1 किलोहर्ट्झला हाच आकडा 8 मीटरवर जातो, म्हणजे अख्खी भिंत लाल. हातातला कॅमेरा बेअरिंगची घरघर किंवा पंपाचा धक्का नेमका दाखवू शकत नाही तो म्हणूनच. तिथे तबकडी मोठी लागते किंवा कंपनमापक.

म्हणून कामाची रीत अशी. लांबून, खालच्या फ्रिक्वेन्सीवर एक नजर फिरवायची. ‘या कोपऱ्यात काहीतरी आहे’ एवढं कळलं की जवळ जायचं आणि पट्टा वर सरकवायचा. ठिपका आक्रसतो. मॅनिफोल्डवर (एका पाइपमधून अनेक ट्यूब काढणाऱ्या ठोकळ्यावर) बारा पुश फिटिंगा शेजारी-शेजारी असतील तर अर्ध्या मीटरपर्यंत जावंच लागतं, आणि तिथे अंतराची सेटिंग बरोबर हवी, नाहीतर ठिपका शेजारच्या फिटिंगवर बसतो आणि चांगली फिटिंग बदलली जाते.

त्याहून मोठा घोळ परावर्तनाचा. पत्रा, काँक्रीट, पॅनलचं दार, स्टीलची टाकी: एवढ्या लहान लाटांसाठी हे सगळे आरसे आहेत. कोऱ्या, सांधा नसलेल्या पत्र्यावर लाल ठिपका दिसला की समजायचं, आवाज दुसरीकडून येऊन इथे उसळतोय. तपासायला दोन पावलं बाजूला सरकायचं. खरी गळती त्याच नटला चिकटून राहते, प्रतिबिंब मात्र पत्र्यावरून आपल्याबरोबर चालतं. तरी शंका असेल तर पुठ्ठा मधे धरून बघायचा. बोट लावून बघायचं नाही. 7 बारची हवा कातडीखाली शिरली तर इजा गंभीर होते, आणि ही सवय आपल्याकडे फार आहे.

खोटे आवाजही असतात. एअर गनने चिप्स उडवणारा ऑपरेटर हा शॉपमधला सगळ्यात ठळक ठिपका. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडीही या पट्ट्यात बोलतात, पण स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीत किती आवाज याचा आलेख) उघडला की फरक कळतो: गळतीचा आलेख पसरट टेकाडासारखा, इलेक्ट्रॉनिक्सचा बारीक उभ्या रेघेसारखा.

आणि एक उदाहरण असं, जिथे ठिपका खरा असतो आणि निदान तरीही चुकतं. न्यूमॅटिक सिलिंडरची पिस्टन सील झिजली की हवा पिस्टनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि तिथून डायरेक्शन वाल्वच्या एक्झॉस्टमधून बाहेर पडते. कॅमेरा प्रामाणिकपणे त्या एक्झॉस्टच्या सायलेन्सरवर ठिपका दाखवतो. फिटर सायलेन्सर बदलतो, मग वाल्व बदलतो, आणि आवाज जिथल्या तिथे. दोष मीटरभर लांब, सिलिंडरच्या पोटात. आवाज कुठे बाहेर येतोय एवढंच यंत्र सांगतं. पुढचा तर्क फिटरचा.

लिटरचा आकडा

बऱ्याच कॅमेऱ्यांवर ठिपक्याशेजारी ‘मिनिटाला इतके लिटर’ आणि ‘वर्षाला इतके रुपये’ असे आकडे येतात. मीटिंगमध्ये ते फार आवडतात. पण कॅमेऱ्याने हवा मोजलेली नसते. डेसिबल आणि अंतर यांवरून अंदाज बांधलेला असतो. बारीक चीर कर्कश वाजते आणि हवा कमी सोडते. मोठ्या गोल भोकाचा सूर खाली असतो आणि हवा कितीतरी जास्त जाते. त्यामुळे एका गळतीचा आकडा दुपटीने चुकला तरी नवल नाही. गळत्यांचा क्रम लावायला तो ठीक आहे, गुंतवणुकीच्या प्रस्तावात दशांशासकट छापायला नाही.

एकूण गळती मोजायची पद्धत जुनी, फुकटची आणि जास्त विश्वासार्ह आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ऊर्जा-लेखापरीक्षकांच्या पुस्तकांतही ती दिलेली आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारं काहीच चालू नसताना, एक कॉम्प्रेसर सुरू करायचा. तो किती वेळ लोड होतो (हवा दाबतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो) ते घड्याळ लावून टिपायचं. गळती नसेल तर एकदा लाइन भरल्यावर तो पुन्हा लोड व्हायला नको. समजा दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड असं चक्र चालू राहिलं, तर सहापैकी दीड, म्हणजे 25 टक्के हवा गळतीत. कॉम्प्रेसर 300 सीएफएमचा असेल तर 75 सीएफएम. माझं मत विचाराल तर ही चाचणी केल्याशिवाय कॅमेरा आणूच नये. दुरुस्तीनंतर तीच पुन्हा केली की खरा फरक कळतो.

दुरुस्तीनंतर आणखी एक गोष्ट राहून जाते. हवा वाचली, पण स्थिर वेगाचा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडमध्येही पूर्ण भाराच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज खात राहतो. दोन मशीन चालत असतील आणि गळती थांबल्यावर एकावर भागत असेल, तर दुसरं खरंच बंद करावं लागतं, किंवा सेटिंगचं प्रेशर खाली आणावं लागतं. 1 बार कमी केलं तर वीज 6-7 टक्के वाचते आणि उरलेल्या गळत्याही कमी वाहतात. हे कुणी केलं नाही तर शंभर गळत्या टॅग लावून बुजवल्या तरी बिल फारसं हलत नाही, आणि खापर कॅमेऱ्यावर फुटतं.

विजेचा आवाज

याच यंत्राचा दुसरा उपयोग उच्च दाबाच्या विजेत आहे. इन्सुलेटरवर मीठ, धूळ आणि दमट हवा जमली की पृष्ठभागावरून बारीक ठिणग्या सरकू लागतात. कोकण किनाऱ्यावरच्या उपकेंद्रांना हा त्रास नवीन नाही. टोकदार जोडणीभोवतीची हवा सेंटिमीटरला सुमारे 30 किलोव्होल्टच्या ताणाने फुटते, त्याला कोरोना म्हणतात. दोन्ही वेळी तडतड होते, आणि ती बहुतांश अल्ट्रासाउंडमध्ये, म्हणजे कानाच्या मर्यादेच्या वर. 33 केव्हीच्या यार्डात जवळ जाऊन कान लावता येत नाही. कुंपणाबाहेरून कॅमेरा धरता येतो.

इथे एक सुंदर खूण मिळते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ठिणग्या तिच्या लाटेशी बांधलेल्या असतात. कॅमेरा प्रत्येक तडतड लाटेच्या कुठल्या भागात झाली ते मांडतो. टोकावरचा कोरोना सहसा लाटेच्या एकाच बाजूला गोळा होतो; पृष्ठभागावरची ठिणगी दोन्ही बाजूंना, समोरासमोर दोन पुंजक्यांत. पहिल्याकडे पुढच्या शटडाउनला पाहिलं तरी बहुधा चालतं. दुसरी इन्सुलेशन खात असते, तिला तारीख द्यावी लागते.

मर्यादा मात्र कडक: आवाज हवेतून बाहेर यायला वाट हवी. केबलच्या पोटातली, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली किंवा घट्ट बंद पॅनलमधली ठिणगी या कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. पॅनल शांत दिसलं म्हणून ते निरोगी आहे असा निष्कर्ष काढू नये.

गॅसचं काय

हवा, नायट्रोजन, आर्गन, हायड्रोजन, सगळ्यांचा झोत कॅमेऱ्याला सारखाच. गळतंय ते काय आहे, विषारी आहे की नाही, हे तो सांगत नाही. गॅस डिटेक्टरची जागा तो घेऊ शकत नाही. ज्वलनशील वायूच्या क्षेत्रात तर साधा कॅमेरा नेणं हाच धोका, तिथे त्यासाठी प्रमाणित केलेलंच उपकरण लागतं. आपल्याकडे अशा मंजुऱ्या ‘पेसो’ (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) देते, जिचं मुख्यालय नागपूरला आहे.

घरच्या सिलिंडरची गळती याने सापडेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही. रेग्युलेटरनंतरचा दाब सुमारे 30 मिलिबार, लाइनच्या 7 बारपुढे काहीच नाही. झोत मंद, आणि वर पाहिल्याप्रमाणे वेग घटला की आवाज आठव्या घाताने कोसळतो. तिथे नाक आणि साबणाचं पाणीच बरं. व्हॅक्युम लाइनचंही असंच अवघड: दाबाचा फरक 1 बारपेक्षा जास्त होऊच शकत नाही आणि भोवरे पाइपच्या आत उठतात, त्यामुळे कॅमेरा अगदी जवळ न्यावा लागतो. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातली एक बारीक गळती शेवटी सापडली ती हवेत तरंगत सोडलेल्या चहाच्या पत्तीमुळे. पत्ती ज्या दिशेला सरकली तिकडे चीर होती.

कॅमेरा घ्यावा का? किंमत काही लाखांपासून सुरू होते. मोठा प्लांट असेल, हवेचं जाळं किलोमीटरमध्ये असेल आणि मेंटेनन्समध्ये एक माणूस कायम या कामाला देता येत असेल तर जरूर. बाकीच्यांनी वर्षातून दोनदा भाड्याने किंवा एजन्सीकडून सर्व्हे करून घेतला तरी पुरे; गळत्या पुन्हा होतात, म्हणून एकदाच करून उपयोग नाही. जुनी अल्ट्रासॉनिक गन (असा आवाज खाली आणून ऐकवणारी) आणि हेडफोन कपाटात पडले असतील तर तेही बाहेर काढा, लहान शॉपमध्ये सरावलेला माणूस त्यावर सगळं शोधतो, फक्त वेळ जास्त लागतो. आणि सर्व्हेला येणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीची वेळ द्या: मशीन थांबलेली, एअर गन खुंटीला, लाइनला मात्र पूर्ण प्रेशर. त्या अर्ध्या तासात हेडर आणि ड्रॉप लाइन (हेडरवरून मशीनकडे उतरणारे पाइप) उरकतात. सिलिंडर आणि वाल्व मात्र मशीन चालू असतानाच बघावे लागतात.